दुबळेपणाचे गुण

सुपरहिरोंचा खेळ म्हटला की त्यात मोजायची ती शक्तीच, असे बहुतेकांना वाटते. टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत बोलत गोष्ट रचायच्या रोल-प्लेइंग गेमची नियमपुस्तके चाळली तर तो समज पक्का होतो, कारण पानेच्या पाने शक्तींच्या यादीला गेलेली असतात. पण अशा खेळाची पारख त्या यादीवरून करू नये. नायकाच्या उणिवांना नियमांत किती जागा आहे, आणि त्या उणिवा कागदावरून उठून खेळात उतरतील याची काय तजवीज आहे, हे पाहावे. कर्ण आपल्या मनात घर करतो तो कवचकुंडलांमुळे नव्हे. ती त्याने देऊन टाकली आणि ऐन वेळी विद्या आठवली नाही, म्हणून.

ही गोष्ट नियमांत नेमकी बसवली ती ‘चॅम्पियन्स’ने. जॉर्ज मॅक्डोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी १९८१ साली अमेरिकेत आणलेल्या या खेळात खेळाडू गुण खर्चून शक्ती विकत घेतो. १९८९च्या चौथ्या आवृत्तीत सुपरहिरोला १०० गुण आयते मिळत. आणखी १५० हवे असतील तर अडचणी पत्कराव्या लागत: मागावर असलेला शत्रू, जपायची गुप्त ओळख, जीव न घेण्याचे व्रत, सारखे संकटात सापडणारे जिवलग माणूस. म्हणजे २५० गुणांचा नायक साठ टक्के अडचणींतून घडलेला! शक्तीची किंमतही याच न्यायाने ठरते. ऊर्जेच्या झोताचा एक फासा ५ गुणांना पडतो. दहा फाशांचा झोत अंगातूनच निघत असेल तर ५० गुण. हातातल्या बंदुकीतून निघत असेल तर २५, कारण बंदूक हिसकावून घेता येते. शत्रूचेही तसेच. तो ‘११ किंवा कमी’ या हिशेबाने घेतला असेल, तर गोष्ट सांगणारा, म्हणजे गेम मास्टर, तीन फासे टाकतो आणि बेरीज ११ किंवा त्याहून कमी आली की शत्रू हजर. ही शक्यता साडेबासष्ट टक्के आहे. ‘८ किंवा कमी’ असेल तर सुमारे सव्वीस टक्के, आणि अर्थात गुणही कमी.

यावरचा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे: माणसे गुणांसाठी उणिवा गोळा करतात. पाच-सहा शत्रू, दोन व्रते, एक विचित्र भीती, आणि खेळताना त्यांतली निम्मी कुणाला आठवतही नाहीत. खेळाच्या सहाव्या आवृत्तीत याची दखल दिसते. तिथे ४०० गुणांच्या नायकामागे फक्त ७५ गुणांच्या अडचणी लागतात. हा बदल मला योग्य वाटतो. मोजक्या अडचणी गेम मास्टरला खरोखर खेळात आणता येतात, आणि तत्त्व तर शाबूत राहते.

मग नियम हवेतच कशाला, गोष्टच सांगावी, असे कुणी म्हणेल. अडचण अशी की मित्र मित्राला सहसा दुखवत नाही. नायकाची आई नेमकी आजच संकटात सापडावी, हे सांगणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवले तर तो आकस वाटतो. फाशाने ठरवले तर सगळे मिळून तिला वाचवायला धावतात. जेफ ग्रब यांच्या १९८४च्या ‘मार्व्हल सुपर हिरोज’मध्ये फाशावर आलेला आकडा वाढवायला ‘कर्मा’ खर्चता येतो, आणि ज्या नायकाने जीव घेतला त्याचा सगळा कर्मा जातो. एवढा एक नियम नीतीवरच्या लांबलचक प्रवचनापेक्षा जास्त काम करतो.

आकडेमोडीचा कंटाळा असलेल्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. ‘चॅम्पियन्स’मधले भागाकार सगळ्यांना मानवणारे नाहीत. पण आकडेमोड कमी केली म्हणून उणिवांचे नियम सोडावे लागत नाहीत. ब्रेंडन कॉन्वे यांचा २०१६चा ‘मास्क्स’ किशोरवयीन नायकांचा खेळ आहे. त्यात शरीरावरचे घाव मोजतच नाहीत. मार बसला की भीती, राग, अपराधीपणा, निराशा किंवा असुरक्षितता यांपैकी एखाद्या खुणेवर फुली पडू शकते. वजन असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाने ‘तू धोकादायक आहेस’ असे ऐकवले, तर पात्राचा त्या बाजूचा आकडा वाढतो आणि दुसरा एखादा घटतो. आणि रागाची फुली पुसण्याचा एक मार्ग असा: कुणाला तरी दुखवायचे, किंवा मोलाचे काहीतरी मोडायचे.