सुट्या भागांना कुलूप : सुरक्षा किती, मक्तेदारी किती?

बंगळूर - शहरातील शिवाजीनगरची गुजरी जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. मोडीत निघालेल्या गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत बसवणे, हा तेथील व्यवसायाचा पाया. मात्र, मोबाइल फोन आणि मोटारींमध्ये आता असे भाग येत आहेत, जे बसतात. पण चालत नाहीत. भागातील चिपचा क्रमांक यंत्रातील नोंदीशी जुळावा लागतो आणि ती जुळणी उत्पादकाच्या हाती असते. ग्राहकाच्या सुरक्षेसाठी हे आवश्यक असल्याचे कंपन्यांचे म्हणणे आहे.

हा दावा सर्वस्वी पोकळ नाही. बोटांचे ठसे ओळखणारा भाग बदलून फोन उघडता आला, तर मालकाचे बँक व्यवहार धोक्यात येतील. मोटारीच्या किल्लीतील चिप जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे चोरीला आळा बसतो. परंतु हाच न्याय बॅटरी, पडदा वा कॅमेऱ्याला लावता येत नाही. त्यांच्या दर्जाचा प्रश्न जरूर आहे. पण ते मालकाची ओळख पटवत नाहीत.

ॲपलच्या 'एरर ५३' प्रकरणाने हा फरक स्पष्ट केला. ठसे ओळखणारा भाग बाहेर बदललेले आयफोन पूर्ण बंद पडत होते. टीकेनंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने ते पुन्हा सुरू होतील अशी सुधारणा दिली. ठशांची सुविधा तेवढी बंद राहिली. म्हणजेच सुरक्षेसाठी एका भागाचे कुलूप पुरेसे होते.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२१ च्या अहवालात दुरुस्तीवरील निर्बंधांच्या समर्थनार्थ फारसा पुरावा नसल्याचे नमूद केले. ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये अशा जुळणीच्या सक्तीवर कायद्याने मर्यादा घातली. त्याच वर्षी ॲपलने वापरलेले अस्सल भाग स्वीकारण्याची आणि हरवलेल्या फोनचे भाग मात्र रोखण्याची व्यवस्था जाहीर केली. चोरीचा माल आणि प्रामाणिक जुना माल यांत फरक करता येतो, हेच त्यातून दिसते.

भारतात स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिलेही झाली. केंद्राने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले. मात्र, संकेतस्थळावरील माहितीने कुलूप उघडत नाही. कोणत्या भागाला जुळणीची सक्ती हवी आणि ती कोणत्या कारणासाठी, हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा नियम झाला, तरच ग्राहकाची सुरक्षा आणि कारागिराची रोजी दोन्ही टिकतील.