मुलाचं अंतर विमानाने, मुलीचं घाटाने

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर बसून मी इंजिनीअरिंग केलं, अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं वाचून. नोकरी लागली बंगळुरूला. अब्बांनी विचारलं, "कितना दूर?" मी म्हणालो, "विमानाने दीड तास." विषय संपला.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीला मुंबईत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, वसतिगृहासकट. तेव्हा घरात गणितच बदललं. घाटात गाड्या अडकतात, पाच-पाच तास लागतात, रात्र झाली तर? मुंबई लांब ठरली. मी फोनवर होतो. "अब्बांचं बरोबर आहे," असं मीही म्हणालो.

दोन शहरांचे अक्षांश-रेखांश दिले की अंतर काढणारा प्रोग्राम मी कॉलेजात लिहिला होता. तो तेव्हा आठवला नाही. पुणे–मुंबई सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर, रस्त्याने दीडशे, रेल्वेने १९२. पुणे–बंगळुरू सरळ रेषेत सातशेच्या वर, रस्त्याने ८४०च्या आसपास. कुठलाही आकडा घ्या, मुंबईच जवळ.

बरं, दारापासून दारापर्यंत मोजू. पेठेतून लोहगाव पाऊण तास. दीड-दोन तास आधी हजर राहायचं. हवेत दीड तास. मग देवनहळ्ळीच्या विमानतळावरून शहराच्या दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्स सिटी, आणखी दोन तास. पाऊस असेल तर विचारूच नका. झाले सहा-सात तास. उलट १९३० पासूनची डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते आणि वेळेवर असेल तर साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचवते. तिला घाटातल्या ट्रकांशी देणंघेणं नाही.

म्हणजे माझ्यासाठी आम्ही फक्त हवेतला वेळ मोजला आणि तिच्यासाठी एक्स्प्रेसवेवरचा सर्वांत वाईट दिवस. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान नष्ट झालं, कारण एका गटाने पौंडात आकडे दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले. आमच्या घरात दोन्ही एककं एकाच माणसाने वापरली, आणि कुणाला खटकलं नाही.

अब्बांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. रात्री स्टेशनवरून वसतिगृहापर्यंत कसं जायचं, हा खरा प्रश्न आहे. पण तो शेवटच्या चार किलोमीटरचा आहे, त्याला उत्तर शोधता येतं. "मुंबई लांब आहे" म्हटलं की शोधायची गरजच उरत नाही. माझ्या बंगळुरूतल्या रात्रींबद्दल तर कुणी विचारलंही नव्हतं.

बहीण आज कोथरूडला एका क्लासमध्ये शिकवते. चांगलं शिकवते. तिला संशोधन करायचं होतं. परवा मी हा सगळा हिशोब तिला दाखवला, तर म्हणाली, "भाई, मैंने तो उसी दिन किया था. कुणी विचारलं नाही."

यंदा चुलत बहिणीचं नाव मुंबईच्या यादीत आहे. चाचा दुकानात येऊन म्हणाले, लांब पडेल. मी तिघांची तिकिटं काढली आहेत: चाची, ती आणि मी. शनिवारी सकाळी साडेसहाला पेठेतून निघायचं आणि वसतिगृहाच्या फाटकापर्यंत घड्याळ लावून जायचं. परतीची गाडी मुद्दाम संध्याकाळची घेतली आहे.