दात काढणं फुकटात, बसवणं पन्नास हजारांत. मधल्या कवळीचं काय?

तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या आसपास हल्ली एक फ्लेक्स हमखास दिसतो. 'पक्के दात, एका दिवसात.' खाली बारीक अक्षरात 'सुलभ हप्त्यांची सोय'. हाच मजकूर मोबाईलवर रीलमधूनही येतो. त्यामुळे इम्प्लांट हा शब्द आता वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचलाय. तो सगळ्यांच्या खिशापर्यंत मात्र पोचलेला नाही, आणि त्याच्याबद्दलची पुरती माहितीही पोचलेली नाही.

दात पडले म्हणून घरातली म्हातारी माणसं फारशी कुरकुर करत नाहीत. भाकरी आमटीत कुस्करतात, शेंगदाण्याचं कूट करून खातात, काकडी-गाजर सोडून देतात. हळूहळू गाडी चहा-बिस्किटावर येते. शुगर असलेल्या माणसाला नेमकं हेच खाणं बाधतं. म्हणजे विषय हसताना कसं दिसतं याचा नाही, दोन वेळच्या जेवणाचा आहे.

इम्प्लांट म्हणजे काय?

जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू बसवतात आणि त्याच्यावर दाताची कॅप चढवतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून बसतं, हे स्वीडनचे डॉ. पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवर प्रयोग करताना दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. म्हणजे हा उपचार साठ वर्षं तावून-सुलाखून निघालेला आहे. नीट बसवला आणि नीट राखला तर तो वर्षानुवर्षं टिकतो.

पण हाडाला स्क्रू धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. काही रुग्णांना त्याच दिवशी दात लावता येतात, पण ते बहुतेक वेळा तात्पुरते असतात. त्यासाठी हाडही भक्कम लागतं. दात पडून बरीच वर्षं झाली असतील तर त्या जागचं हाड झिजलेलं असतं. अशा वेळी आधी हाड भरावं लागतं, मग खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. फ्लेक्सवर हे लिहिलेलं नसतं.

एक दात म्हणजे किती सोयाबीन?

एका इम्प्लांटला कॅपसह साधारण २० ते ५० हजार रुपये लागतात. मधला ३० हजारांचा आकडा धरू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका दाताला साडेपाच क्विंटलहून जास्त सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळणाऱ्या आजीची ही २० महिन्यांची पेन्शन झाली.

हप्त्यांची सोय म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज. दवाखान्याला पैसे आधी मिळतात, हप्ते घरचे फेडत राहतात. काम अर्धवट राहिलं किंवा स्क्रू निघून आला, तरी हप्ता थांबत नाही.

सरकारी दारात काय मिळतं?

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतील, तर दुखरा दात काढून मिळतो, दात साफ करून किंवा भरून मिळतात. पण काढलेल्या दाताच्या जागी काय, हा प्रश्न आला की रुग्णाला खासगीचा रस्ता धरावा लागतो.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांच्यासोबत कवळीही आहे. ६० वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांसाठी ती मोफत आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदा ३,००० रुपये येतात. मात्र तिच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशी नावं आहेत, कवळी नाही.

खरी अडचण यादीच्याही पुढची आहे. काठी शिबिरात वाटता येते, कवळी वाटता येत नाही. तोंडाचं माप घ्यायचं, चावा जुळवायचा, ट्रायल बघायची, बसवल्यावर टोचतं तिथं घासून द्यायचं, अशा चार-पाच फेऱ्या होतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात कवळी होते. पण खेड्यातल्या सत्तरीच्या माणसाने सोबतीला एक जण घेऊन एवढ्या चकरा मारायच्या, म्हणजे भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून स्वस्त काम महागात पडतं. म्हणून कवळीचं काम तालुक्याच्या रुग्णालयातच व्हायला हवं. त्यासाठी डॉक्टरांच्या जोडीला कवळी बनवणारा तंत्रज्ञ आणि छोटी लॅब लागेल.

ही सोय नसली की लोक बाजारात दात बसवून देणाऱ्याकडे जातात. तो शेजारच्या चांगल्या दातांना प्लास्टिकने दात चिकटवून देतो. त्याखाली अन्न अडकून कुजतं आणि धड असलेले दातही हलायला लागतात.

मधला रस्ता

सगळे दात गेले म्हणून सगळे इम्प्लांट करावे लागत नाहीत. वरची कवळी टाळूला धरून राहते, खालची हलते, ही नेहमीची तक्रार. त्यावर खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांच्यावर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं म्हटलं होतं. हा पर्याय डॉक्टरांना आपणहून विचारायला हवा.

सही करण्याआधी हे विचारा

- डॉक्टर दंत परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का? नोंदणी क्रमांक बघा.
- स्क्रू, हाड भरणं, कॅप, एक्स-रे किंवा स्कॅन धरून एकूण खर्च किती? तो लेखी घ्या.
- स्क्रू कोणत्या कंपनीचा? त्याचं स्टिकर किंवा कार्ड मागून जपून ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरला तेच लागतं.
- स्क्रू धरला नाही तर काय? पैसे कोण सोसणार?
- शुगर ताब्यात आहे का? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आधी करा.
- हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू असेल तर आधीच सांगा. काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फेल होण्याचा धोका जास्त असतो. तंबाखू-मशेरीने हिरड्यांची वाट लागते, ती वेगळीच. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. त्यामुळे रोजचं घासणं आणि ठरावीक तपासणी चुकवून चालत नाही.

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' असं जुनी माणसं म्हणतात. ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याने विचारपूस करून खुशाल इम्प्लांट करावेत. ज्याच्याकडे नाहीत त्याला निदान नीट बसणारी कवळी तालुक्याला मिळायला हवी. पुढच्या ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत हा विषय मांडायला कोणाची हरकत नसावी.