चित्राला वजन नसतं

१९८४ साली अमेरिकेतल्या दुकानांत ‘आयर्नहाइड’ नावाचं खेळणं आलं, तेव्हा त्याला डोकंच नव्हतं. लाल रंगाची छोटी व्हॅन मधोमध सुटी करायची, पुढचा भाग उभा करायचा, पाय आणि हात बसते करायचे. झाला यंत्रमानव तयार. पण डोकं शोधायला जावं तर दिसायची व्हॅनची पुढची काच, काचेमागे खुर्ची आणि खुर्चीवर चिकटवलेलं चेहऱ्याचं स्टिकर. व्हॅनचा मागचा भाग तोफगाडीसारखा बाजूला उभा राहायचा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘द ट्रान्सफॉर्मर्स’ ही कार्टून मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या आयर्नहाइडला मात्र मान होती, कपाळ होतं, हनुवटी होती आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल काढून बोलणारा आवाजही होता. बाजूची तोफगाडी गायब. ज्या मुलाने आधी मालिका बघितली आणि मग वाढदिवसाला खोका उघडला, त्याला आपण फसलो असं वाटलं असेल तर त्यात त्याची काही चूक नाही. ते मूल आता पन्नाशीला टेकलंय, हाताशी पैसे आहेत, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा तो हिशेब त्याला चुकता करायचाय. म्हणून संग्राहकांच्या जगात आज एखादं खेळणं जोखायची पहिली फूटपट्टी ही आहे, की ते कार्टूनमधल्यासारखं हुबेहूब दिसतं का? माझ्या मते ही फूटपट्टी उलटी धरलेली आहे.

उलटी अशासाठी, की इथे नक्कल चित्राने केली होती, खेळण्याने नव्हे. जपानच्या ‘ताकारा’ कंपनीने १९८० मध्ये ‘डायक्लोन’ ही मालिका बाजारात आणली होती. तिच्यातले यंत्रमानव सजीव नव्हतेच. ती माणसांनी चालवायची यंत्रं होती आणि त्यांचे चालक म्हणजे तळपायात लोहचुंबक बसवलेले बोटभर उंचीचे बाहुले. आयर्नहाइडची ती खुर्ची अशा चालकासाठी होती. डोकं विसरलं नव्हतं कुणी. तिथे चालक बसणार होता. ताकाराच्याच ‘मायक्रो चेंज’ मालिकेत पिस्तूल, कॅसेट रेकॉर्डर अशा घरात दिसणाऱ्या वस्तूंचे यंत्रमानव होत. अमेरिकेच्या ‘हॅस्ब्रो’ने दोन्हींतले साचे उचलले, एका नावाखाली आणले आणि त्यांना गोष्ट हवी म्हणून ‘मार्व्हल’ कॉमिक्सकडे काम सोपवलं. तिथल्या बॉब बुडियान्स्कीने बहुतेकांना नावं दिली, स्वभाव दिले. यंत्र चालवणारा माणूस काढून टाकला आणि यंत्रालाच जीव दिला, तेव्हा चेहरा आवश्यक झाला. ते काम जपानी रेखाटनकार शोहेई कोहारा आणि त्यांच्यानंतर फिलिपिनो चित्रकार फ्लोरो डेरी यांच्याकडे आलं. त्यांनी साच्यातले खाचखळगे पुसले, रेघा कमी केल्या, अंग सुटसुटीत केलं. मालिकेचं ॲनिमेशन हाताने रंगवलेल्या सेलवर (पारदर्शक पत्र्यांवर) होत होतं, त्यामुळे प्रत्येक जादा स्क्रू, प्रत्येक जादा पट्टी हजारो वेळा काढावी लागली असती. थोडक्यात, कार्टूनमधलं ते देखणं, गुळगुळीत रूप ही खेळण्याची काटकसरीने काढलेली प्रत आहे. आणि आता मूळ वस्तूने प्रतीसारखं दिसावं असा आपला हट्ट आहे.

चित्र नेमकं काय लपवतं हे बघायला मालिकेचा नायक ‘ऑप्टिमस प्राइम’ याचं जुनं खेळणं पुरेसं आहे. लाल केबिनचा ट्रक मागच्या बाजूवर उभा करा. सहापैकी चार चाकांचा मागचा भाग म्हणजे त्याचे पाय. टोकाला पावलं दुमडून पुढे काढायची. केबिनच्या बाजू फिरून हात होतात, डोकं केबिनच्या आतून उलगडून वर येतं. छातीवरच्या दोन काचा म्हणजे ट्रकच्या खऱ्याखुऱ्या खिडक्या, आणि त्या उघडल्या की आत डायक्लोनचा चालक बसायची जागा. मुठींना मात्र आत कुठेही जागा नव्हती, त्यामुळे त्या सुट्या होत्या, वरून खुपसायच्या; कित्येक घरांत त्या पलंगाखाली गेल्या त्या गेल्याच. मागची चारही चाकं पिंडऱ्यांना चिकटून राहतात, कारण ती जाणार कुठे? कार्टूनमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. पिंडऱ्यांवरची चाकं बहुतेक वेळा दिसतच नाहीत, मुठी मनगटातून आपोआप बाहेर येतात, आणि ट्रकमागचा भलाथोरला ट्रेलर रस्त्याच्या कडेने घरंगळत चौकटीबाहेर जातो तो पुढच्या गरजेपर्यंत कुणाच्याही दृष्टीस पडत नाही. मेगाट्रॉन तर आणखी पुढचा. इमारतीएवढा हा खलनायक पिस्तूल होताना आक्रसून साथीदाराच्या मुठीत मावतो. त्याचा साथीदार साउंडवेव्हही तसाच, क्षणात कुणाच्या टेबलावर मावणारा कॅसेट रेकॉर्डर. चित्राला वजन नसतं, त्यामुळे त्याला हिशेबही द्यावा लागत नाही. खेळण्याला प्रत्येक तुकड्याचा हिशेब द्यावा लागतो. गाडीचे जे भाग यंत्रमानवाच्या पाठीवर, दंडावर लोंबकळत राहतात त्यांना इंग्रजीतले चाहते नाक मुरडून ‘किबल’ म्हणतात. आपल्याकडे लटांबर म्हणता येईल. माझं म्हणणं असं, की हे लटांबर म्हणजेच त्या वस्तूचा प्रामाणिकपणा आहे. हा यंत्रमानव मघाशी ट्रक होता याचा तो पुरावा आहे.

शिवाय ‘कार्टूनसारखं’ म्हणजे नेमकं कुठल्या कार्टूनसारखं? मालिकेचे जुने भाग आज शांतपणे बघितले की कळतं, तिथे ऑप्टिमसची उंची एका प्रसंगातून दुसऱ्यात बदलते, एकाचे रंग दुसऱ्याच्या अंगावर जातात, आवाज एकाचा आणि तोंड हलतं भलत्याचं. घाईत, वेगवेगळ्या देशांतल्या स्टुडिओंत, ठरल्या तारखेला हातावेगळं केलेलं ते काम होतं आणि त्याच्या चुका चाहत्यांना तोंडपाठ आहेत. मग खेळणं जुळवायचं ते कशाशी? प्रत्यक्षात ते जुळवलं जातं चित्रकारांसाठी काढलेल्या नमुना-कागदाशी, जो प्रेक्षकाने त्या काळी कधी बघितलाच नव्हता. म्हणजे ज्या आठवणीच्या नावाने हा सगळा आटापिटा चालतो, ती आठवणही इथे पाळली जात नाही. पाळला जातो तो एक आदर्श तक्ता.

या तक्त्याच्या मागे लागण्याची किंमत काय, हे ताकारा (आता ताकारा टोमी) कंपनीच्या ‘मास्टरपीस’ मालिकेत दिसतं. २००३ मध्ये तिचा पहिला ऑप्टिमस आला, धातूचा भरपूर वापर केलेला, हातात घेतल्यावर खरोखर जड लागणारा. तो कार्टूनची आठवण देतो पण खऱ्या ट्रकशीही नातं ठेवतो. २०११ मधली दुसरी आवृत्ती आकाराने लहान झाली, इतर पात्रांशी तिचं प्रमाण जुळवलं, आणि अनेक जाणकार आजही तिलाच या मालिकेतला सुवर्णमध्य मानतात. २०१७ चा मेगाट्रॉन आणि २०१९ चा तिसरा ऑप्टिमस इथपर्यंत येता येता पारडं पूर्ण कार्टूनकडे झुकलं. काम थक्क करणारं आहे, हे मान्यच. चाकं पोटात जातात, पत्रे पत्र्यांखाली सरकतात, उभा राहिलेला ऑप्टिमस पडद्यावरून उतरल्यासारखा दिसतो. पण त्या ट्रकचा यंत्रमानव करायला जी पावलं लागतात, ती पुस्तिका समोर ठेवूनही घाम काढतात, आणि नखाएवढ्या पट्ट्या चुकीच्या क्रमाने ओढल्या तर तुटण्याची धास्ती वेगळीच. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते द्यायची कुणाची छाती होणार नाही, आणि खरं तर मोठेही ते एकदा उभं करतात आणि काचेच्या कपाटात ठेवून देतात. रूपांतर हा ज्याचा एकुलता एक गुण, ते रूपांतरच नकोसं होतं.

याहून खटकणारी युक्ती स्वस्त खेळण्यांतही शिरली आहे. यंत्रमानवाच्या छातीवर गाडीचं बॉनेट किंवा काच दिसते, आणि गाडी करताना लक्षात येतं, की ही काच गाडीची नाहीच. छातीपुरती वेगळी नकली काच केलेली आहे. गाडी झाल्यावर ती पोटात दडते आणि खरी काच यंत्रमानवाच्या पाठीमागे घडी होऊन बसते. चित्रात जशी छाती दिसते तशी ती दिसावी म्हणून केलेला हा बनाव. ऑप्टिमसच्या जुन्या खेळण्यात छातीच्या खिडक्या ट्रकच्याच होत्या, तेव्हा हात फिरवताना ‘अच्छा, हे इथून आलं होय!’ असा एक लहानसा साक्षात्कार होई. नकली छातीत तो नाही. साच्यातला तुकडा दोन्ही रूपांत उपयोगी पडला तर ते कौशल्य. दोन रूपांसाठी दोन तुकडे केले तर ती फक्त जागेची कसरत.

यावर सरळ आक्षेप येईल, की लोक प्रेम करतात ते पात्रांवर, बिजागऱ्यांवर नाही. १९८६ च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटात ऑप्टिमस मेला तेव्हा चित्रपटगृहांत मुलं रडली. ती काही चाकं कुठे जातात या चिंतेने रडली नव्हती. ऑप्टिमसला आवाज देणाऱ्या पीटर कलनचा तो खर्जातला स्वर, तो चेहरा, हीच खरी वस्तू आणि प्लॅस्टिक तिची आठवण. हा मुद्दा मला अर्धा पटतो. आयर्नहाइडच्या बाबतीत तर पूर्ण पटतो. स्टिकरचा चेहरा घेऊन कुणी कुणाचं लाडकं पात्र होत नाही. तिथे चित्रकाराने खेळण्यावर उपकारच केले आणि नंतरच्या प्रत्येक आयर्नहाइडला डोकं दिलं गेलं ते योग्यच. शिवाय त्या चित्रपटासाठी हॉट रॉड, गॅल्व्हाट्रॉन अशी जी नवी पात्रं आली ती खेळण्यांच्या जुन्या साच्यांतून आलेली नव्हती. तिथे चित्राचा मान मोठा हे कबूल. तरीही तिथेसुद्धा गंमत बघा: पडद्यावरचा जांभळा गॅल्व्हाट्रॉन दुकानात आला तो करड्या रंगात. पण चेहरा, बांधा, रंग एवढं जपणं वेगळं आणि प्रत्येक रेघ जपणं वेगळं. व्यंगचित्रकार चार फटकाऱ्यांत माणूस ओळखू येईल असा काढतो, छायाचित्र काढत नाही. पात्र ओळखू येण्यासाठी जेवढं साम्य लागतं तेवढं ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच खेळण्यांतही होतं. उरलेल्या साम्यासाठी जे मोजावं लागतं ते खेळण्याच्या खेळण्यापणातून वजा होतं.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: तेव्हा जमत नव्हतं, आता जमतं, मग का करू नये? याला उत्तर १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या जपानी कार्टून मालिकेत आहे. तिच्यातलं ‘व्हाल्किरी’ हे रूप बदलणारं लढाऊ विमान रेखाटलं शोजी कावामोरी यांनी. लेगोचे ठोकळे जोडून रूपांतराचे आराखडे तपासणारा हा माणूस. विमानाचा कुठला भाग वळून पाय होणार, पंख कुठे मिटणार, याचा विचार चित्र काढतानाच झाला होता. म्हणून ताकाटोकू कंपनीचं त्या काळातलं, आजच्या मानाने साधं खेळणं पडद्यावरच्या विमानाशी बऱ्यापैकी इमान राखू शकलं. तंत्रज्ञान जुनंच होतं, पण चित्र बिजागरीला बांधील होतं. दैवाचा खेळ असा, की हाच साचा हॅस्ब्रोने ‘जेटफायर’ म्हणून विकला आणि हक्कांच्या भानगडीमुळे कार्टूनमध्ये त्याचं नाव आणि रूप दोन्ही बदलून त्याला ‘स्कायफायर’ करावं लागलं. ट्रान्सफॉर्मर्सच्या पडद्यावर त्याच्याशी जुळणारं काही उरलंच नाही. दुसरं टोक म्हणजे २००७ चा ट्रान्सफॉर्मर्स चित्रपट, आपल्याकडच्या अनेकांची या यंत्रमानवांशी ओळख झाली तो. त्यातल्या संगणकी ऑप्टिमसमध्ये १०,१०८ तुकडे होते असं त्याच्या निर्मात्यांनी सांगितलं. १९८४ च्या चित्रात खेळण्यापेक्षा कमी रेघा होत्या, २००७ च्या चित्रात खेळण्याला कधीच पेलणार नाहीत इतक्या जास्त. दोन्ही वेळा खेळणं ‘कमी पडलं’ म्हणून बोलणी खाल्ली ती खेळण्यानेच.

राहता राहिला बाजाराचा मुद्दा: गिऱ्हाइकाला हुबेहूब हवं आहे, तो पैसे मोजतोय, तुमच्या पोटात का दुखतं? दुखत काहीच नाही. कपाटात ठेवायला देखणी मूर्ती हवी असेल तर ती घ्यावी. रूपांतर न होणाऱ्या सुबक मूर्ती बाजारात मिळतात आणि त्या कार्टूनच्या कुठल्याही रूपबदल्या खेळण्याहून अधिक हुबेहूब असतात. तक्रार एवढीच आहे, की मूर्तीची कसोटी यंत्राला लावली की यंत्र वाईट होत जातं. आणि गिऱ्हाइकाला खरंच तेवढंच हवं असतं तर ताकारा टोमीने २०२४ मध्ये ‘मिसिंग लिंक’ ही मालिका काढली नसती. तिचा पहिला ऑप्टिमस कार्टूनवर बेतलेला नाही. तो बेतलाय त्या जुन्या खेळण्यावर: तसाच चौकोनी बांधा, तसेच स्टिकर, तीच केबिन. फरक एवढाच, की पूर्वी जखडलेले अनेक सांधे आता वळतात. त्यानंतर कंपनीने कार्टूनच्या रंगसंगतीतली आवृत्तीही आणली. रंग चित्राचे आहेत, पण पिंडऱ्यांवरची चाकं जागच्या जागी आहेत.