डिपेंडंट, पण कोणावर?



मागच्या महिन्यात तालुक्याला दाव्यांची मीटिंग झाली. तिथे एक साहेब म्हणाले, "तुम्ही लोक डिपेंडंट आहात." आपण माना हलवल्या. मी पण हलवली. बारावी शिकलोय, पण नीट अर्थ घरी येऊन डिक्शनरीत बघितला. अर्थ आहे, दुसऱ्यावर अवलंबून असलेला.

आता या शब्दाची गंमत अशी की इंग्रजीत त्याच्यामागे बहुतेक 'ऑन' येतो. म्हणजे कोणावर, ते सांगावं लागतं. साहेबांनी तेच गाळलं. त्यांच्या मनात होतं, सरकारवर. रेशनवर, रोजगार हमीवर.

पण 2006 चा वनहक्क कायदा काय म्हणतो? जो आदिवासी मुख्यतः जंगलात राहतो आणि पोटापाण्याच्या खऱ्या गरजांसाठी जंगलावर किंवा वनजमिनीवर अवलंबून आहे, त्याला हक्क. तिथे अवलंबून असणं ही शिवी नाही. दावा उभाच त्याच्यावर आहे.

आणि आपण काय करतो? आमच्या पाड्यावर जबाब लिहून द्यायला आम्ही शिकलेली पोरं बसलो. धंदा काय, तर 'मजुरी'. मोह वेचतो, डिंक काढतो, करटोली विकतो, हे लिहायची लाज वाटली. खोटं कशाला बोलू, मलाच वाटली. मग वरून विचारलं, जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा काय? दावा परत आला. अजून पडून आहे.

काही जण दम देतात, माल विकता म्हणजे व्यापार झाला, गरज नाही. त्यांना 2012 चे सुधारित नियम दाखवा. घरचं भागून उरलेला माल विकणं हे पण पोटापाण्यातच धरलंय.

दुसरं एक. कागदावर माझी आई 'डिपेंडंट', बापावर. मोहाच्या दिवसांत पहाटे उठून टोपली भरते ती, आणि पावसाळ्यात तेल-मीठ येतं ते त्याच पैशातून. कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावावर आहे. तिथे बायकोचं नाव राहिलं तर सही करू नका.

पुढच्या ग्रामसभेला आमच्या पाड्याचे जबाब नव्याने लिहिणार आहोत. कोणत्या महिन्यात कोण काय आणतं, किती घरात लागतं, किती बाजारात जातं, सगळं. म्हाताऱ्यांना आधी बोलू द्यायचं. पोरांनी फक्त लिहायचं.