चेहऱ्यांची हजेरी

शास्त्रज्ञ निरागस असतो, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. त्याने सुरी घडवावी. तिने भाजी चिरायची की गळा, ते ज्याचे त्याने पाहावे! संगणकाला माणसाचा चेहरा ओळखायला शिकविणारी जी विद्वान मंडळी आज देशोदेशींच्या विद्यापीठांत बसली आहेत, त्यांची तर या समजुतीवर फारच श्रद्धा. "आम्ही फक्त गणित सोडवितो," असे ही मंडळी म्हणतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. त्यांचे गणित मला सुटायचे नाही. पण गणितातले आकडे आणले कोठून, हे विचारण्याचा हक्क चौथीतल्या पोरालाही असतो, आणि मला तेवढेच विचारायचे आहे.

या यंत्राचे शिक्षण पोरांच्या बाराखडीसारखेच होते. लाखो छायाचित्रे त्याच्याकडून गिरवून घ्यायची. मग ते प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक माळ करते, आणि दोन माळा पुरेशा जुळल्या की म्हणते, माणूस तोच. तेव्हा गणिताच्या आधी चेहरे हवेत. ते आणले कोठून?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आवारात २०१४ साली आठ कॅमेरे लावून दोन हजारांहून अधिक माणसांची ये-जा टिपली गेली आणि तो साठा जगभरच्या संशोधकांना खुला करण्यात आला. पुढे विद्यापीठालाच कबूल करावे लागले की, मंजुरीच्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उपाहारगृहात कॉफी प्यायला आलेल्या गिऱ्हाइकांची अकरा हजारांहून अधिक चित्रे स्टॅनफर्डच्या संशोधनासाठी अशीच जमविली गेली, आणि ती चीनच्या लष्करी विद्यापीठातल्या संशोधकांच्याही कामी आली. बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये दोन्ही साठे मागे घेतले. पण प्रती जगभर पसरल्यावर मागे घेण्याला अर्थ तो किती! कॉफी पिणाऱ्याने आपला चेहरा कोणाला दिला नव्हता. तो नुसता कॉफी प्यायला आला होता.

मी रोज वर्गात हजेरी घेतो. मी नाव पुकारतो, पोर "हजर" म्हणते. एखादे मुद्दामच उशिरा म्हणते, एखादे दुसऱ्याची ओ देऊन मार खाते. (आता मारायची बंदी आहे, नुसते रागावतो.) पण हा दोघांचा व्यवहार आहे. कोण विचारतो आहे, कशासाठी विचारतो आहे, हे पोराला ठाऊक असते. आमच्या मुलखाने हजेरीचा दुसराही प्रकार पाहिला आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. नोंदल्या माणसाने काही केले असो-नसो, सरकार सांगेल तेव्हा हजेरी द्यायची आणि जाण्यायेण्याचा हिशेब द्यायचा. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला. कलंक मात्र पारध्याच्या पोराला अजून चिकटलेला आहे.

त्या काळीही निरागस गणित होतेच. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. लाखो ठशांतून नेमका एक कसा हुडकावा, हे कोडे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी असामान्य बुद्धीने सोडविले. (पद्धतीला नाव पडले ते हेन्रीसाहेबाचे.) आणि १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदल्या माणसाचे ठसे हवे तेव्हा घेण्याची मुभा सरकारला दिली. गणित बरोबर होते. त्यामुळेच ते इतके कामी आले!

म्हणून यंत्र चुकते, एवढीच तक्रार करणाऱ्यांशी माझे जमत नाही. चुकते हे खरेच. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढे साधे सांगतानाही गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शेकडा एकाहून कमी चुका करणारी यंत्रे सावळ्या बायकांच्या बाबतीत शेकडा ३४ पर्यंत चुकत होती. आपण सारे कोणत्या रंगाचे, ते सांगायला नको. दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य झाले की जुळले असे धरतात, हे २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. माझ्या वर्गात ८० टक्के म्हणजे हुशार पोर. तुरुंगाच्या दारात ८० टक्के म्हणजे काय? पण समजा, उद्या चूक शून्यावर आली. मग तर मोर्चात चाललेला, दवाखान्याच्या पायऱ्या चढणारा, रात्री प्रेयसीच्या घरातून निघणारा प्रत्येक माणूस बिनचूक नोंदला जाईल, आणि ओ देण्याची तसदीसुद्धा त्याला कोणी देणार नाही.

"ज्याने काही केले नाही त्याने का भ्यावे?" असे विचारणाऱ्या गृहस्थांनी आपल्या घराच्या खिडक्यांचे पडदे आधी काढावेत आणि मग बोलावे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो काही चोरांच्या सोयीसाठी नव्हे. हरवलेले पोर यंत्राने सापडले तर मला आनंदच आहे. आपला फोन उघडायला आपणच आपला चेहरा दाखविला, तर तोही विचारून केलेला व्यवहार आहे. माझे भांडण न विचारता घेण्याशी आहे.

आणि या मंडळींना हे कळत नाही असे नाही. चित्रातल्या वस्तू क्षणार्धात ओळखणाऱ्या 'योलो' या प्रणालीचा कर्ता जोसेफ रेडमन याने २०२० मध्ये हे संशोधनच सोडल्याचे जाहीर केले. लष्करी उपयोग आणि खाजगीपणावरचा घाला यांकडे डोळेझाक करणे त्याला अशक्य झाले होते. सगळ्यांनी काम सोडावे, असे मी म्हणत नाही. पोटे सगळ्यांना आहेत. पण आमच्याकडे प्रबंधाच्या पहिल्या पानावर गुरूंचे, आईवडिलांचे, झालेच तर सासऱ्यांचेही आभार मानण्याची चाल आहे. त्याखाली आणखी दोन ओळी घालाव्यात : ज्यांचे चेहरे वापरले ती माणसे किती, कोठली, आणि त्यांतल्या किती जणांना आधी विचारले होते.