मांजराच्या पोटातील केसगोळा

अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धन येथील बाजारपेठांत धान्याच्या गोणींवर पहुडलेले मांजर हे नेहमीचे दृश्य आहे. एखाद्या सकाळी तेच मांजर जमिनीलगत दबून बसते, मान पुढे ताणते, ओकारीच्या उबळी काढते आणि ओलसर, लांबट, काळपट असे काहीतरी बाहेर टाकते. मुले घाबरतात, वडीलधारी मंडळी ‘खोकला झाला असेल’ म्हणून कामाला लागतात. बाहेर पडलेली ती वस्तू म्हणजे मांजराने स्वतःच गिळलेल्या केसांचा गोळा होय.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना गळालेले केस त्यांत अडकतात. ते थुंकता येत नाहीत, गिळावेच लागतात. केस पचत नाहीत. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमा झालेले केस वेळेवर खर्ची पडले पाहिजेत. शिल्लक वाढली की जठरात गोळा होतो. लांब केसांच्या पर्शियन मांजरांत हे अधिक आढळते. पंधरवड्यातून एखादा गोळा पडला आणि मांजर लगेच पूर्ववत खाऊ-खेळू लागले, तर चिंतेचे कारण नसते.

यावर मुख्य उपाय विंचरणे हाच आहे. आखूड केसांचे मांजर आठवड्यातून एकदा-दोनदा, तर लांब केसांचे दररोज विंचरावे. फणीत आलेला प्रत्येक केस पोटात जाण्यापासून वाचतो. पिण्याचे स्वच्छ पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. किनाऱ्यावरील दमट हवेत पिसवा लवकर वाढतात. त्यांच्या खाजेने मांजर अंग अधिक चाटते व अधिक केस गिळते. पिसवांचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते.

गोळा सुटावा म्हणून तूप, तेल किंवा दूध पाजण्याची पद्धत मात्र सोडावी. तूप-तेल पचून जाते आणि बळजबरीने पाजल्यास फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. अनेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व जुलाब होतात.

दुकानदारांच्या घरी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पुड्या बांधण्याचा दोरा, सुतळी, राखीचे रेशीम, पतंगाचा मांजा यांच्याशी मांजर खेळते आणि जिभेच्या त्याच काट्यांमुळे दोरा आत ओढला जातो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकले की नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तशी आतडी गोळा होतात आणि कापलीही जातात. बाहेरून ही लक्षणे केसगोळ्यासारखीच दिसतात. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा डोकावत असेल, तर तो कदापि ओढू नये. दुकान वाढवण्यापूर्वी सर्व दोरे डब्यात बंद करावेत.

वारंवार उबळी येऊनही काही बाहेर न पडणे, पुनःपुन्हा ओकणे, दिवसभर अन्न न घेणे, शौचास न होणे, पोट फुगणे किंवा मलूल पडून राहणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. आतड्यात अडथळा असू शकतो, त्यास शस्त्रक्रिया लागू शकते. नुसतीच खोकल्याची ढास वारंवार येत असेल, तर तो दमाही असू शकतो.

परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय 1883 पासून मुक्या जिवांची सेवा करीत आहे. परंतु पावसाळ्यात मांडवा ते गेटवे ही लाँचसेवा बंद असते आणि रस्त्याने मुंबई गाठण्यात कित्येक तास जातात. म्हणून जवळच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक आजच गल्ल्याजवळ लिहून ठेवावा. मांजराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते वेळीच ओळखणे हे त्याला आसरा देणाऱ्याचे काम आहे.